पांढरं आतडं

६ जुलै, मळा

सुदर्शन, आणि तुझ्याआधी हे पत्र उघडून वाचणारे जेलचे साहेब,

दोघांनाही रामराम. साहेबांचं नाव मला माहीत नाही. पण जो माणूस माझं पत्र माझ्या भावाच्याही आधी वाचणार आहे, त्याला न विचारता पुढं जायचं म्हणजे उंबऱ्यावर बसलेल्याला ओलांडून घरात शिरल्यासारखं वाटतं.

उद्धव वकील काल येऊन गेले. म्हणाले, "ताई, पत्रात खुशाली लिहा. त्यापुढं एक अक्षर नको." म्हणून खुशाली लिहिते. आई बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते आणि कुणाशी बोलत नाही. म्हैस बरी आहे. तुझी बायको अजून नायगावला माहेरीच आहे. साक्षीचा जबडा आता उघडतो, पण भाकरी चावता येत नाही, कण्या पिते. तिच्या वडिलांनी विचारलंय, जावई सुटल्यावर लेकीला न्यायला येणार आहेत की उरलेली बाजू फोडायला. मी म्हणाले, विचारून कळवते.

एक नंबरचं तळं संपलं. मेलेला झिंगा वर तरंगतो असं लोकांना वाटतं, पण बराचसा तळाशी बसतो आणि पाय घातला की पोटरीला चिकटतो. आपला गडी संगप्पानं आणि मी जाळ्यानं ओढून काढला, ट्रॉलीत भरला, चोपण रानाच्या टोकाला खड्डा केला आणि चुना टाकून पुरला. तरी कुत्र्यांनी उकरलाच. गावातली सगळी कुत्री बांधावर येऊन ओकत होती. दोन नंबरच्या तळ्यातले जिवंत आहेत, पण सुस्त.

काकूच्या वैजनाथला नांदेडहून लातूरला हलवलं. हात मोडलाय तो बसेल, पोटाला मार लागलाय त्याचं काही खरं नाही, असं म्हणतात. पोलिसांनी मला विचारलं. मी सांगितलं की मी मोटार बंद करायला शेडमध्ये गेले होते, परत आले तर तो पाण्यात पालथा पडलेला. वैजनाथनं तळ्यात विष टाकलं आणि तू रागाच्या भरात मारलंस, असं तू सांगितलंयस, आईनंही गप्प होण्याआधी तेच सांगितलं. मी त्यात काही कमी-जास्त केलं नाही.

तुझ्या मनगटाची जखम भरली का? जेलच्या डॉक्टरला तू कुत्रं चावलं म्हणून सांगितलंस असं वकील म्हणाले. मग कुत्र्याची सगळी इंजेक्शनं घे. एकही चुकवू नकोस.

तुझी आक्का

१४ जुलै, मळा

सुदर्शन,

तुझं पत्र मिळालं. वैजनाथ विळा घेऊन तुझ्या अंगावर धावून आला होता, हे मला आठवायला पाहिजे असं तू लिहितोस. आठवून बघते आहे. अजून आठवत नाही, पण आठवलं तर तूच पहिला कळवशील यात शंका नाही.

बांधावर काही प्लास्टिक पडलं असेल तर जाळून टाक, असा निरोप तू साक्षीच्या भावाकडून दिलास. तो बिचारा मोटारसायकलवर आला, आम्ही दोघांनी मिळून शोधलं. सापडलं नाही.

आता थोडं साहेबांसाठी लिहिते, नाहीतर ते म्हणतील की हे बहीण-भाऊ कुठल्या तळ्याबद्दल बोलून राहिले.

साहेब, आमच्या चोपण जमिनीत तूर उगवली नाही, ज्वारी उगवली नाही, बोअरला लागलं ते पाणीही खारट. देगलूरच्या बाजारात एका तेलुगू व्यापाऱ्यानं सांगितलं की हे तर झिंग्याचं पाणी. म्हणून आम्ही झिंगे केले. झिंगा आरपार दिसतो. धडधाकट असला तर त्याच्या पाठीतून एक काळपट रेघ जाते, ते भरलेलं आतडं. माणसाला एकदा कांजिण्या येऊन गेल्या की अंग ते लक्षात ठेवतं. झिंग्याचं अंग तसं लक्षात ठेवत नाही, म्हणून त्याला लस टोचून भागत नाही. त्याची सगळी राखण आतड्यात. तिथं चांगले जंतू दाटीवाटीनं बसलेले असले की वाईट जंतूंना बूड टेकायला जागा मिळत नाही. म्हणून आम्ही निळ्या ड्रममध्ये तांदळाचा कोंडा, गूळ आणि चांगल्या जंतूंची पावडर कालवून दोन दिवस आंबवायचो आणि ते आंबवण खाद्यात मिसळायचो.

आंबवणाचा वास थेट हातभट्टीचा. इथंच सगळं बिघडलं.

जून महिन्यात शेजारच्या वाडीत दारू पिऊन एक माणूस मेला, दुसऱ्याचे डोळे गेले. बायका पेटल्या. दारूबंदीच्या बायकांच्या पुढं आमची चुलती धोंडाबाई, वैजनाथची आई. मुसळं आणि कुऱ्हाडी घेऊन मळ्यात आल्या. साक्षीनं चुलत सासू आली म्हणून फाटक उघडलं. मी ड्रमपुढं आडवी झाले.

"काकू, हे दारू न्हाई. झिंग्याचं हाय."

"झिंगे दारू पितेत का गं? नाकाला कळून राहिलं मला. सरक."

सरकले नाही तेव्हा तिनं माझी वेणी हाताला गुंडाळली आणि फरफटत बांधापर्यंत नेलं. कपाळ दगडावर फुटलं. मागं ड्रम फुटायचा आवाज येत होता, गुळाचं पाणी सगळ्या अंगणात पसरलं आणि बायका त्यात घसरून पडत होत्या, उठत होत्या, पुन्हा घाव घालत होत्या. काकूची चूक होती, पण राग खोटा नव्हता. वाडीतला मेलेला माणूस तिच्या माहेरचा.

तू बाजारातून आलास आणि काकूला काही बोलला नाहीस. साक्षीला गाठलंस. खाद्य मोजायचं लोखंडी माप तिच्या तोंडावर मारलंस, कारण फाटक तिनं उघडलं.

नवं आंबवण दोन दिवसांत तयार झालं असतं. मी कोंडा भिजतही घातला होता. पुढं तू काय केलंस ते तुला माहीत आहे. मला ते लिहायला वकिलांनी मना केलंय.

दोन नंबरच्या तळ्यात आता एकमेकांना खायला लागलेत. झिंग्यानं कात टाकली की तो मऊ पडतो, आणि शेजारच्याला ते लगेच कळतं. आधी पाय तोडतात, मग पोट फाडतात. सगळे एका घाण्यातले, एका पिशवीतून आलेले. संगप्पा म्हणतो, "आक्का, इनको भूक न्हाई, ताकद न्हाई, फिरभी मारते." मी त्याला म्हणाले, घराघरात असंच असतं.

तुझी आक्का

नागपंचमी, लातूर

सुदर्शन,

काल आई पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "भावाचा उपवास हाय, धरून ऱ्हा." मी धरला. कुठल्या भावाचा ते तिनं विचारलं नाही.

आज सकाळी लातूरला आले. दवाखान्याच्या पायऱ्यांवर काकू बसली होती. मला बघून उठली आणि काही न विचारता कानाखाली वाजवली. मग दुसऱ्या गालावर.

"मेला का बघाय आलीस?"

"जेवलीस का काकू?"

तिनं तिसऱ्यांदा हात उचलला आणि तसाच खाली घेतला. मी शेजारी बसले. नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, हे तिनंच मला लहानपणी शिकवलं. मी एकदा काकडी चिरली म्हणून तिनं विळी विहिरीत टाकली होती. आज तिच्यासमोरून वैजनाथला आत नेलं आणि त्याचं पोट दुसऱ्यांदा चिरलं.

डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं, कारण मी विचारत राहिले. तुझा दांडा पोटावर बसला आणि आतडं फाटलं. आतड्यातले जंतू आतड्यात असतात तोवर माणसाला जगवतात, पोटात सांडले की मारतात. आता त्यांना मारायला जबर औषध चालू आहे. त्या औषधानं आतले चांगलेही गेले आणि आता वैजनाथच्या पोटाबाहेर लावलेली पिशवी पाण्यासारख्या जुलाबानं भरते. अंगात काही टिकत नाही.

"औषध दिलं नसतं तर तो मागच्याच आठवड्यात गेला असता," बाई म्हणाल्या. "पण औषधाला चांगलं-वाईट कळत नाही हो."

मी म्हणाले, मला माहीत आहे. आणि तिथंच भिंतीला टेकून रडले. बाईंना वाटलं सख्खी बहीण असेल. मी नाही म्हटलं नाही.

त्याला काचेतून बघितलं. आपल्यातला सगळ्यात जाडा तो, पंगतीत आपल्या ताटातली जिलबी पळवणारा. आता चादरीखाली कुणी आहे की नाही ते कळत नाही.

वकिलांना सांग, विळ्याचं मला अजून आठवलेलं नाही.

आरती आक्का

१२ ऑगस्ट, मळा

सुदर्शन,

तुझं पत्र आलं. "आक्का, उलटं बोललीस तर सुटून आल्यावर तुझंपण आतडं काढून बांधावर वाळत घालीन." खाली जेलचा निळा शिक्का, तपासले म्हणून. साहेब, तुमच्याकडं खुनाची धमकी तपासून पास होते, की तुम्ही पाकिटात फक्त बिड्या शोधता?

मी भ्याले. खोटं कशाला सांगू. पत्र वाचलं आणि फाटकाला कुलूप लावलं, तू दोन दारांच्या आड आहेस हे माहीत असून लावलं. मग स्वतःचाच राग आला आणि कुलूप काढून तळ्यात फेकलं. आता फाटकाला कुलूप नाही.

दोन नंबरचं तळं सावरलं. नवे ड्रम आणले, आंबवण केलं, रोज सकाळी खाद्यात कालवलं. आधी एकमेकांना खायचं थांबलं. मग खाद्य घालून तळ्यात सोडलेली चाळणी वर काढली तर खाद्य संपलेलं. काल एक झिंगा हातावर घेतला, पाठीत काळी रेघ, डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग. तो माझ्या तळहातावरून असा उडाला की काटा बोटात घुसून रक्त आलं. मला बरं वाटलं.

वैजनाथ बोलायला लागलाय. परवा गेले तेव्हा काकूनं मला आत सोडलं. आवाज फुटत नव्हता, कान तोंडाशी न्यावा लागला.

"आक्का, म्या गम्मत केली व्हती."

"माहीत हाय रे."

"लई लागलं त्याला." जरा थांबला. "आपलाच हाय त्यो. मी बरा झालो की बसून मिटवू. आईला सांगून ठिवलंय. कोर्टात कशाला घराचं धुणं."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मनात म्हणाले, सुटलो. घरातलं घरात मिटेल. मला तोंड उघडावं लागणार नाही, तुला शिक्षा होणार नाही, आणि हा माणूस दसऱ्याला आपल्या अंगणात बसून सोनं देईल. एसटीत येताना मी चक्क झोपले. म्हणून तुझ्या धमकीला उत्तर देण्याची गरज उरली नव्हती. तरी लिहिते, कारण शिक्का मारणाऱ्याचंही थोडं मनोरंजन झालं पाहिजे.

आरती

१ सप्टेंबर, मळा

सुदर्शन,

वैजनाथ गेला. ताप चढला आणि उतरलाच नाही. जंतू रक्तात गेले, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तू एकदा मारलंस आणि तो सबंध दोन महिने मरत राहिला.

वकिलांनी तुला सांगितलंच असेल की आता कलम बदललं. त्यांनी मलाही सांगितलं. म्हणाले, "ताई, आता विष हाच आपला आधार आहे. त्यानं विष टाकलं, पोराचं डोकं फिरलं. तुम्ही तेवढं धरून ठेवा." मी त्यांना चहा दिला.

वैजनाथला लातूरहून आणलं तेव्हा गावातली माणसं कमी होती. मला वाटलं रानातल्या कामाचं काही असेल. पण फवारणी कधीच आटोपली होती, काढणीला वेळ होता, माणसं घरात होती. सरणाजवळ एकजण दुसऱ्याला म्हणाला ते मी ऐकलं. "इख टाकणाऱ्याला पाणी कोन पाजील."

तिसऱ्या दिवशी काकू आपल्या मळ्यात आली. एकटी. फाटक उघडंच होतं. मी ड्रममध्ये आंबवण ढवळत होते, तोच वास, आणि ती त्या वासात उभी राहिली, नाकाला पदर न लावता.

"खरं सांग आरती. माझ्या पोरानं इख टाकलं व्हतं का?"

तिला हे विचारायला मुलाच्या राखेवरून चालत यावं लागलं. ती माऊली स्वतःच्या पोराच्या बाबतीत मला विचारत होती, आणि माझ्या तोंडातून काय येतं याची वाट बघत होती. मी दोन महिने गप्प राहिले आणि तेवढ्यात गावानं त्याला चोर, खुनी, विषारी सगळं करून टाकलं होतं. त्याच्या आईच्या मनातही घुसवलं होतं.

मी म्हणाले, "न्हाई काकू. न्हाई टाकलं."

ती ओट्यावर बसली आणि मुसळ मारावं तसे हात जमिनीवर मारत राहिली, चामडी निघेपर्यंत. मी धरले तर तिनं मला ढकललं. मग आपोआप थांबली. उठताना म्हणाली, "ढवळ तू. खाली बसंल ते." आणि गेली.

मी काल देगलूरला ठाण्यात जाऊन जबाब लिहून दिला. पहिला जबाब खोटा होता हेही लिहून दिलं. त्याबद्दल जे होईल ते होईल. तू विचारलंस कोर्टात काय सांगणार, म्हणून तुलाही सांगते.

त्या सकाळी तळ्यावर झिंग्यांच्या विष्ठेच्या पांढऱ्या दोऱ्या तरंगत होत्या आणि झिंगे मेलेले होते. संगप्पा डिझेल आणायला गेलेला. मी एक झिंगा उभा फाडला आणि तुला दाखवला. आतडं रिकामं, पांढरं. मी म्हणाले, "विष न्हाई रे हे. विषानं दोऱ्या पडत नाहीत." तू म्हणालास, "वैज्यानंच टाकलं."

तेवढ्यात वैजनाथ त्याच्या बांधावरून आला. हातात विळा नव्हता. पिवळं पाकीट होतं, वाऱ्यानं त्याच्या रानात गेलेलं, त्यावर कोंबडीचं चित्र. ते कोंबड्यांना द्यायचं जंतू मारायचं औषध तू देगलूरहून आणलं होतंस. आंबवणासाठी तू दोन दिवस थांबला नाहीस. कापसावर बोंडअळी दिसली की फवारायचं, तसं तू खाद्यात ओतलंस. आधी एकाच तळ्यात घालून बघू म्हणालास, म्हणून दुसरं वाचलं. चार-सहा दिवस झिंगे ताजेतवाने दिसले आणि तू मला हसलास, "बघ तुझं गूळपाणी." आतले राखणदार मेले आणि वाईट तेवढे उरले, हे तुला मी सांगितलं तेव्हा तू खाद्याचं घमेलं माझ्या पायावर फेकलंस.

वैजनाथनं पाकीट वर धरलं आणि म्हणाला, "सुदर्शन, झिंग्याला कोंबडीचं औषध दिलंस व्हय? मग अंडी कवा देत्यात?"

आणि मी हसले.

तुला विषाचा राग नव्हता सुदर्शन. तळं कुणी मारलं ते तुला ठाऊक होतं. मी हसले तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस, चांगलं शांतपणे बघितलंस, आणि मग पाण्यात हवा घालणाऱ्या एरेटरचा दांडा उचललास. पहिला घाव पाकीट धरलेल्या हातावर. दुसरा पोटावर. तो वाकला तेव्हा तिसरा पुन्हा पोटावर. मग त्याची मान धरून मेलेल्या झिंग्यांत दाबलीस. मी केस ओढले, पाठीत दगड घातला, तू सोडेना. तेव्हा तुझं मनगट दातांत धरलं आणि रक्ताची चव येईपर्यंत सोडलं नाही. ते कुत्रं नव्हतं. ते दात माझे आहेत, आणि न्यायाधीशांनी मागितले तर मी तोंड उघडून दाखवीन.

मी हसले हेही सांगणार आहे. वैजनाथची गंमत चांगली होती. हसण्यासारखीच होती.

पाकीट पिठाच्या डब्यात ठेवलं होतं, काल पोलिसांकडं दिलं. आईला मी हे सगळं वाचून दाखवलं. संध्याकाळी तिनं दोन ताटं वाढली आणि माझ्यासमोर जेवायला बसली.

साहेब, हे पत्र तुम्ही नेहमीप्रमाणे आधी वाचाल. त्याला देण्याआधी एक झेरॉक्स काढून ठेवा. तो फाडून टाकेल.

आरती श्रीमंत इंगोले
साक्षीदार